मोटरचा झिजलेला बुश बदलायचाय, हत्यारं कोणती घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबल फॅन, एक्झॉस्ट, छोटा पंप, मिक्सर, शिलाई मशीन. यांच्या मोटरीत बऱ्याचदा बॉल बेअरिंग नसतं, रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या भागाचा, शाफ्ट साध्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत, फिरत असतो. बुश हा मोटरमधला अगदी लहान आणि साधा भाग. तरी मोटरी निकामी होताना मी पाहिल्यात त्या बुश झिजल्यामुळे कमी आणि तो चुकीच्या हत्यारानं बदलल्यामुळे जास्त. त्यामुळे खालच्या उत्तरांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: बुश ठोकायचा नाही, ढकलायचा. आणि ढकलायचं हत्यार बहुतेक वेळा विकत मिळत नाही, आपणच जुळवायचं असतं.

बुशच झिजलाय, हे मोटर न उघडता कसं कळेल?

प्लग काढा. शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून वरखाली हलवा. आत-बाहेर हलवू नका, कारण आत-बाहेर थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असायलाच हवा. वरखाली मात्र हाताला काही जाणवता कामा नये. टकटक जाणवली तर बुश गेला असं समजा.

छोट्या मोटरीत रोटर आणि स्टेटर (त्याच्या भोवतीचा स्थिर भाग) यांच्यातली फट साधारण ०.२ ते ०.५ मिमी असते. साधा छपाईचा कागद ०.१ मिमी जाडीचा असतो, म्हणजे ही फट दोन ते पाच कागदांएवढीच. बुश दीड-दोन कागद झिजला की चुंबकाच्या ओढीनं रोटर एका बाजूला जातो आणि स्टेटरला घासतो किंवा चिकटतो. बंद मोटर हातानं मस्त फिरते आणि वीज दिली की नुसती गुणगुणते, त्याचं कारण हे असू शकतं.

अर्थात कपॅसिटर गेला तरी मोटर अशीच गुणगुणते. फरक वरखाली प्लेमध्ये कळतो. शाफ्ट घट्ट आणि सरळ असेल तर आधी कपॅसिटर तपासा, बुशच्या मागे लागू नका.

मोटर उघडायला काय काय हाताशी ठेवू?

ज्या मोटरला कपॅसिटर आहे तिथे पहिलं हत्यार म्हणजे १० ते २० किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर. त्याला इन्सुलेशनवाल्या वायरी जोडून कपॅसिटरच्या दोन टोकांवर दोन-तीन सेकंद धरा आणि मग मीटरनं व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची सवय असेल तर ती सोडा. त्यात कपॅसिटर खराब होतो आणि डोळ्यालाही धोका असतो.

दुसरं हत्यार सेंटर पंच, तो नसेल तर पक्का मार्कर. दोन्ही एंड कव्हर आणि मधली बॉडी यांवर समोरासमोर खुणा करा. एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन. कव्हर फिरवून उलटसुलट बसलं तर नवा बुशसुद्धा शाफ्टला आवळतो, आणि मग माणूस बुशलाच दोष देत बसतो.

पातं, पुली किंवा कपलर काढताना आटे कोणत्या बाजूचे आहेत ते आधी बघा. अनेक टेबल फॅनच्या पात्याची टोपी उलट्या आट्यांची असते. ती नेहमीच्या उलट दिशेनं सोडवली की हातानं निघते, नाहीतर शाफ्टच वाकतो. पुली घट्ट असेल तर दोन पायांचा छोटा पुलर वापरा आणि त्याचा स्क्रू शाफ्टच्या टोकावर नेमका मध्यावर टेकवा. त्याआधी ग्रब स्क्रू, म्हणजे पुलीला शाफ्टवर धरून ठेवणारा बारीक स्क्रू, काढायला विसरू नका.

रोटर बाहेर काढताना शाफ्टवर फायबरचे, नायलॉनचे, स्टीलचे बारीक वॉशर असतात. कोणता आधी, कोणता नंतर, कोणत्या बाजूला किती, याचा फोटो काढा. कार्बन ब्रशची मोटर असेल तर रोटर ओढण्याआधी ब्रश बाहेर काढा, नाहीतर ते तुटतात.

बुश कोणत्या प्रकारचा आहे त्यावर हत्यार बदलतं का?

पूर्णपणे. म्हणून कव्हर हातात आल्यावर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बुश नीट बघा.

पहिला प्रकार सिंटर बुश. ब्राँझची पूड दाबून, भाजून केलेला. पृष्ठभाग किंचित खरखरीत, मंद दिसतो. त्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रं असतात आणि आकारमानाच्या साधारण पाचव्या भागाएवढं तेल त्यात मुरलेलं असतं. नवा सिंटर बुश मुठीत थोडा वेळ धरला तर ऊब लागून बाहेर तेलाचा ओलसरपणा येतो. छोट्या मोटरीत बहुतेक हाच असतो.

दुसरा गनमेटल किंवा ओतीव ब्राँझचा भरीव बुश. लेथवर कापल्याच्या रेषा दिसतात, धातू चकचकीत आणि घट्ट वाटतो, बऱ्याचदा आत तेलाची खाच किंवा बाजूला तेलाचं भोक असतं. जुन्या, जड मोटरींत हा सापडतो.

तिसरा बाहेरून चेंडूसारखा गोल बुश. हाही सिंटरच असतो, पण तो कव्हरमध्ये दाबून बसवलेला नसतो. पत्र्याच्या खोलगट बैठकीत एका स्प्रिंगच्या चकतीनं धरलेला असतो आणि शाफ्टच्या रेषेप्रमाणे स्वतः थोडा वळतो. याला ना पुलर लागतो, ना प्रेस. हे न ओळखता कितीतरी जण पुलर घेऊन येतात आणि पत्र्याची बैठक वाकवून ठेवतात.

मोजायला व्हर्नियर पुरेल का?

बुशचा बाहेरचा व्यास आणि लांबी मोजायला पुरेल. शाफ्ट आणि बुश यांच्यातली फट ठरवायला पुरणार नाही.

८ मिमी शाफ्टला बुशमध्ये साधारण ०.०१ ते ०.०२५ मिमी मोकळीक हवी. माणसाचा केस सुमारे ०.०७ मिमी असतो, म्हणजे ही मोकळीक केसाच्या निम्म्याहूनही कमी. साध्या व्हर्नियरचं सगळ्यात लहान माप ०.०२ मिमी असतं. जे मोजायचं तेवढीच मोजणाऱ्या हत्याराची चूक, मग त्या आकड्याला अर्थ राहत नाही. शिवाय व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांना थोडी सपाट कड असते. ती लहान भोकाच्या गोलाईत पूर्ण टेकत नाही आणि भोक असतं त्याहून लहान दिसतं. ८ मिमीच्या भोकात ही चूक चांगलीच जाणवते.

म्हणून शाफ्टसाठी ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर घ्या, ०.०१ मिमी वाचणारा. शाफ्ट तीन ठिकाणी मोजा: जिथे बुश कधीच घासत नाही तिथे, बुशच्या मध्यावर आणि बुशच्या कडेला. प्रत्येक ठिकाणी एकदा मोजून शाफ्ट काटकोनात फिरवून पुन्हा मोजा. न घासलेल्या जागेचं माप हे शाफ्टचं मूळ माप. बाकीची मापं त्यापेक्षा किती उतरली, ती झीज.

बुशच्या आतलं माप घ्यायला लहान भोकाचा गेज आणि तोच मायक्रोमीटर वापरता येतो, पण त्याला हाताची सवय लागते. मला स्वतःला नेमक्या मापाला ग्राइंड केलेल्या पिना जास्त भरवशाच्या वाटतात. ८.०० ची पिन जाते आणि ८.०२ ची जात नाही, एवढं कळलं की आणखी आकडा लागत नाही. ड्रिलच्या शँकवर (धार नसलेल्या दांडीवर) मात्र विसंबू नका. ती लिहिलेल्या मापापेक्षा थोडी बारीक असते.

जुना बुश कव्हरमधून काढायचं चांगलं हत्यार कोणतं?

भोक आरपार असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आट्याचा रॉड, दोन नट, दोन जाड वॉशर आणि पाइपचा एक तुकडा. ८ मिमी बोअरच्या (आतल्या भोकाच्या) बुशमधून एम ६ चा, म्हणजे ६ मिमी आट्यांचा, रॉड सहज जातो. रॉड चांगल्या स्टीलचा घ्या, ८.८ ग्रेडचा. मऊ रॉडचे आटे ऐन वेळी सोलवटतात.

रॉड बुशमधून आरपार घाला. एका बाजूला बुशच्या तोंडावर असा वॉशर बसवा, जो बुशच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जरासा लहान असेल, म्हणजे तो बुशसोबत भोकातून पुढे सरकू शकेल. तयार मिळाला नाही तर मोठा वॉशर बोल्टवर घट्ट आवळून ड्रिलमध्ये फिरवा आणि कानशीनं कड उतरवा. दुसऱ्या बाजूला पाइपचा तुकडा ठेवा, ज्याच्या आत बुश मावेल पण जो कव्हरच्या भक्कम भागावर टेकेल. पाइपच्या तोंडावर मोठा वॉशर, मग नट. आट्यांना आणि नटच्या तोंडाला ग्रीस लावा आणि पान्ह्यानं नट फिरवा. एम ६ चा एक फेरा म्हणजे १ मिमी. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात नट जड लागेल, मग एकदम ‘टक्’ असा आवाज येऊन बुश सुटेल आणि पुढे सगळं सारख्या जोरानं सरकत राहील.

तो टक् आवाज आलाच नाही आणि रॉड पिळायला लागला, तर थांबा. बुशला कुठेतरी बारीक पिन, खाच किंवा कव्हरची दुमडलेली कड अडवत असणार. ती आधी मोकळी करा.

पाइपचा तुकडा कुठे टेकतोय हे फार महत्त्वाचं. पातळ ओतीव ॲल्युमिनियमच्या कव्हरला बुशच्या घराजवळच, म्हणजे बुश बसतो त्या भोकाजवळच, टेकू हवा. कव्हर कडांवर टेकवून मध्ये दाब दिला तर ते वाकतं किंवा तडकतं. तो तडा बारीक असतो, लगेच दिसतही नाही. आठवड्यानं नवा बुश कव्हरमध्येच गरगर फिरायला लागतो तेव्हा कळतो.

एका बाजूनं बंद असलेल्या कव्हरमधला बुश कसा काढू?

इथे रॉड आरपार जात नाही, म्हणून टॅप वापरायचा. १० मिमीचा बुश झिजून १०.२ झालेला असेल तर त्यात एम १२ चा टॅप नेमका चालतो. आधी तळाशी स्टीलची एक छोटी चकती टाका. टॅपनं बुशमध्ये आटे पाडा, कीस साफ करा, मग एम १२ चा बोल्ट घट्ट करत जा. बोल्ट चकतीवर टेकला की पुढचा प्रत्येक फेरा बुशला वर उचलतो. चकती विसरलात तर बोल्ट ॲल्युमिनियमच्या तळात घुसतो. बुशची भिंत पातळ असेल तर आटे पाडतानाच तो चिरतो. तेही बरंच, चिरलेला बुश सैल होऊन बाहेर येतो.

भोकात ग्रीस भरून नेमक्या मापाच्या पिनेनं ठोकायची युक्ती बरेच जण सांगतात. ती चालते, पण कव्हरचा तळ पातळ असेल तर ग्रीसचा दाब तोच फोडतो. सिंटर बुशच्या छिद्रांतून दाब निसटतोही. भक्कम कव्हर आणि भरीव बुश असेल तरच ती वापरा.

तिसरा मार्ग म्हणजे बारीक हॅकसॉ ब्लेड आत घालून बुशला लांबीच्या दिशेनं एक चीर पाडणं. शेवटचा पाव मिलिमीटर कापू नका, छिन्नीनं आत दुमडा. घराला ओरखडा पडला तर नवा बुश तिथे नीट टेकत नाही.

हातोडी आणि सॉकेट वापरलं तर काय बिघडतं?

काढताना कधीकधी काही बिघडत नाही. बसवताना जवळजवळ नेहमी बिघडतं. हातोडीचा घाव कधीच नेमका सरळ येत नाही, बुश तिरका घुसतो, एका कडेनं ॲल्युमिनियम खरवडतो आणि त्याचं तोंड आतल्या बाजूला चेपतं. शाफ्ट घालायला गेलं की जात नाही. मग माणूस पॉलिश पेपर आत फिरवतो आणि बुशचं आयुष्य तिथेच संपतं.

मग नवा बुश बसवायला कोणतं हत्यार घेऊ?

इथे घाई करू नका, सगळ्या कामाचा जीव इथेच आहे.

दाबून बसवायचा बुश त्याच्या घरापेक्षा मुद्दाम मोठा केलेला असतो. १२ मिमी बाहेरच्या व्यासाला हा फरक साधारण ०.०२ ते ०.०४ मिमी. तो आत गेला की बाहेरून आवळला जातो आणि आतलं भोकही जवळजवळ तेवढंच लहान होतं. हातात असताना शाफ्टवर सुळकन फिरणारा बुश बसवल्यावर शाफ्ट घेईनासा होतो, त्यात बुशची काही चूक नसते.

यावरचा उपाय म्हणजे बसवतानाच भोकात नेमक्या मापाची, कडक, ग्राइंड केलेली पिन ठेवायची. बुश त्या पिनेवर आवळला जातो आणि पिन काढली की भोक त्याच मापाचं राहतं, फार तर दोन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी. ही पिन कुठून आणायची? जोडकामात वापरतात ती कडक डॉवेल पिन घ्या, एम ६ टॉलरन्सची. इथे एम ६ म्हणजे आट्याचं माप नाही, पिनेच्या अचूकतेची खूण आहे. ८ मिमीची अशी पिन प्रत्यक्षात ८.००६ ते ८.०१५ मिमी असते. शाफ्ट ७.९९५ च्या आसपास असेल तर पिन काढल्यावर जी मोकळीक उरते ती नेमकी हवी तेवढीच. हे मला उमगलं तेव्हापासून मी लहान बुशसाठी रिमर (भोक किंचित मोठं करून नेमक्या मापाला आणणारं हत्यार) हातात घेणं जवळजवळ बंद केलं.

बसवताना बुश पिनेवर चढवा. पिनेच्या मागच्या भागावर सपाट तोंडाची स्टीलची नळी किंवा कॉलर ठेवा, जी बुशच्या तोंडावर सगळीकडून टेकेल. कव्हरच्या घराची कड कानशीच्या एका हलक्या हातानं मोडून घ्या आणि घरात तेलाचा एक थेंब फिरवा. मग सगळं वाइसच्या जबड्यांत धरा. जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावा. वाइस जुना होऊन जबडे तिरके झाले असतील तर हे काम त्यावर करू नका. आर्बर प्रेस (हातानं चालवायचा दाबयंत्र) मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. उभ्या ड्रिल मशिनचा स्पिंडल, मशीन बंद ठेवून, लहान बुशसाठी प्रेस म्हणून चालतो.

पहिले २ मिमी सगळ्यात महत्त्वाचे. एवढं आत गेल्यावर थांबा आणि चारही बाजूंनी बघा. बुशची बाहेर उरलेली उंची सगळीकडे सारखी दिसायला हवी. तिरका वाटला तर तसाच दाबू नका, बाहेर काढून पुन्हा सुरू करा. सरळ लागला की हँडल न थांबता एका ओघात फिरवा.

एक सावधगिरी: कडक डॉवेल पिनेवर स्टीलची हातोडी कधीही मारू नका. पिनेच्या काचेसारख्या कपच्या उडतात. चष्मा लावाच.

कव्हर गरम करून किंवा बुश थंड करून बसवला तर?

मदत होते. किती, ते आकड्यांत बघा. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटर सुमारे २३ मायक्रॉन फुगतं. १२ मिमीचं घर ८० अंशांनी तापवलं तर ते ०.०२२ मिमी मोठं होतं, म्हणजे बुश आणि घर यांच्यातला तो फरक निम्म्याहून कमी राहतो. हॉट एअर गन पुरते. ज्योत नको, ती एकाच जागी तापवून कव्हर वाकवते. प्लास्टिकच्या कव्हरला हे अजिबात करू नका, आणि कव्हरवर स्विच, वायरी, रबर असेल तर आधी काढा.

बुश फ्रीझरमध्ये ठेवून फायदा कमी, १२ मिमीला ०.०१ मिमीच्या आसपास. शिवाय बाहेर काढताच त्यावर दव धरतं आणि सिंटर बुशमध्ये पाणी मुरलेलं कोणालाच नको. मी फक्त कव्हर तापवतो.

रिमर घ्यावाच लागतो का?

गनमेटलच्या बुशला हो. सिंटर बुशला नाही.

सिंटर बुशच्या आत रिमर फिरवला, विशेषतः धार गेलेला, की छिद्रांची तोंडं धातूनं लिंपली जातात. बुश दिसायला गुळगुळीत होतो, पण तेल आतच कोंडलं जातं. म्हणून त्याचं माप पिन ढकलूनच साधायचं. पॉलिश पेपरनं घासणं तर त्याहून वाईट, कारण पेपरचे खरखरीत कण छिद्रांत अडकतात आणि शाफ्टला कापत राहतात.

भरीव बुशला मात्र आतून ०.०५ ते ०.१ मिमी मटेरियल ठेवून बसवतात आणि मग रिमर फिरवतात. आत तेलाची उभी खाच असेल तर सरळ धारांचा रिमर खाचेत अडकतो आणि भोक खडबडीत होतं, त्यामुळे पिळाच्या धारांचा घ्या. रिमर नेहमी एकाच दिशेनं फिरवायचा, बाहेर काढतानासुद्धा. उलटा फिरवला की कीस धार आणि बुश यांच्या मध्ये अडकून रेघ पडते. दोन्ही कव्हरचे बुश एका रेषेत यायला हवे असतील तर लांब दांड्याचा रिमर एका बुशच्या आधारानं दुसऱ्यात चालवतात. वाढता-घटता रिमर मोहात पाडतो, पण प्रत्येक वेळी अगदी थोडा उघडून अनेक फेऱ्यांत काम करायची तयारी असेल तरच घ्या.

गोल बुशला नेमकं काय लागतं?

बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर, लांब तोंडाची पक्कड आणि धीर. स्प्रिंगची चकती दाते न वाकवता उचलायची, तीच पुन्हा वापरायची असते. ती रिव्हेटनं धरलेली असेल तर रिव्हेटचं डोकं ड्रिलनं उतरवा. खाली नमद्याची तेल धरणारी चकती असते. ती काळी, कडक झाली असेल तर नवी घाला आणि तेलात भिजवून घाला.

नवा बुश बैठकीत ठेवला, चकती बसवली आणि बुशमध्ये पिन घालून बोटानं हलवली की बुश थोडा डोलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर चकती जास्त घट्ट झाली आहे. सैल असून शाफ्टबरोबर फिरत असेल तर चकतीची स्प्रिंग मेली आहे.

नवा बुश पेट्रोलनं धुऊन घेऊ का?

नको. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका पंख्याच्या मोटरला नवे सिंटर बुश घालण्याआधी मी ते पेट्रोलमध्ये बुडवून, ब्रशनं घासून, वाळवून लखलखीत केले. वर तेलाचे दोन थेंब टाकले. पंखा छान चालला, आणि काही दिवसांतच जाम होऊन परत आला. बुश आतून आरशासारखा चमकत होता आणि शाफ्टवर जळक्या तेलाचा तपकिरी थर चिकटला होता. छिद्रांतलं सगळं तेल मीच धुऊन काढलं होतं. वरचे दोन थेंब किती दिवस पुरणार?

सिंटर बुश कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा, बस. चुकून धुतला गेलाच तर ७० अंशांच्या आसपास गरम केलेल्या तेलात बुडवा. हवेचे बुडबुडे निघणं थांबलं की तेल बुशसकट गार होऊ द्या. गार होताना आत उरलेली हवा आकसते आणि तेल आत ओढून घेते. लहान बुशला आणखी सोपी रीत आहे: भोकात तेल भरा, दोन्ही तोंडं बोटांनी बंद करून जोरात दाबा. बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक मणी फुटलेले दिसले की बुश भरला.

तेल डिटर्जंट नसलेलं, एसएई २० किंवा आयएसओ ६८ च्या आसपासचं घ्या. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नाही, तो असलेलं तेलही पातळ करतो. सिंटर बुशमध्ये ग्रीस भरू नका, ते छिद्रं बुजवतं.

शाफ्टही झिजला असेल तर?

नख फिरवा. नख अडलं तर खाच आहे, आणि खाच असलेल्या शाफ्टवर नवा बुश टिकत नाही. फक्त रंग किंवा जळकं तेल असेल तर १००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून शाफ्टभोवती गुंडाळा, फिरवून साफ करा आणि नंतर पूर्ण पुसा. मायक्रोमीटरनं ०.०२ मिमीपेक्षा जास्त उतार दाखवला तर ते लेथचं काम आहे: शाफ्ट सारखा कापून त्या मापाचा बुश करून घ्यायचा, किंवा रोटर बदलायचा.

बुशऐवजी बॉल बेअरिंग बसेल का?

बहुतेक नाही, जागाच नसते. ८ मिमी बोअरचं नेहमीचं ६०८ बेअरिंग बाहेरून २२ मिमी असतं. १२ मिमीच्या बुशच्या घरात ते मावणार कसं? घर कापून मोठं करायला गेलात तर भिंत उरत नाही.

सगळं बसवलं, पण बोल्ट आवळले की शाफ्ट जाम होतो. काय करू?

बोल्ट पुन्हा सैल करा. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, प्रत्येक वेळी पाव फेरा आवळा आणि दुसऱ्या हातानं शाफ्ट फिरवत राहा. जड होताच नायलॉनच्या हातोडीनं कव्हरच्या कडेला हलकेच टकटक करा. कव्हर आपल्या जागी सरकतं, गोल बुश असेल तर तोही शाफ्टच्या रेषेत येतो. या कामाला स्टीलची हातोडी नको. एवढं करूनही जाम होत असेल तर आधी केलेल्या पंचच्या खुणा जुळतायत का बघा. मग वॉशर मोजा. आत-बाहेर प्ले साधारण ०.२ ते ०.५ मिमी मिळायला हवा, एखादा वॉशर जास्त पडला तर तो शून्य होतो.

वीज देण्याआधी काय तपासू?

हातानं झटका दिल्यावर रोटर काही फेरे आपोआप फिरून हळू थांबला पाहिजे, अचानक अडायला नको. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असेल तर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन किमान १ मेगाओहम दाखवायला हवं. उघडझाक करताना वायर कव्हरखाली चेपली गेली असेल तर ती इथे सापडते. पहिली सुरुवात १०० वॅटच्या साध्या बल्बच्या सिरीजमध्ये करा, मग थेट. अर्धा तास चालवून बंद करा, प्लग काढा आणि दोन्ही कव्हरना बुशजवळ हात लावा. दोन्ही बाजू सारख्याच कोमट असाव्यात. एकच बाजू जास्त तापत असेल तर त्या बाजूचा बुश आवळलेला किंवा तिरका आहे.

सगळी हत्यारं एकदम घेणं शक्य नाही. आधी काय घेऊ?

मायक्रोमीटर. त्यानंतर तुमच्या नेहमीच्या शाफ्टच्या मापाच्या दोन-तीन डॉवेल पिना, आट्याचा रॉड आणि नट. वाइस बहुतेकांकडे असतोच. एवढ्यावर दहांतली आठ कामं होतात. पुलर तिसऱ्या नंबरवर. रिमर, मेगर आणि डायल गेज लागेल तेव्हा मागून आणा. शाफ्ट वाकलाय का हे डायल गेजनं चटकन दिसतं, पण ते काम रोजचं नसतं.

काढलेला जुना बुश फेकून देऊ?

नवा बुश बसून मोटर तासभर चालेपर्यंत तरी नको. लांबी किंवा बाहेरच्या व्यासाबद्दल शंका आली तर तोच नमुना असतो. आणि बाहेरून तो चांगला राहिला असेल तर कडेनं थोडा घासून ठेवा. तो त्याच मापाच्या घरातून सरकतो, म्हणजे पुढच्या वेळी त्या मापाचा बुश ओढताना वॉशरच्या जागी तोच चालतो. माझ्याकडे असे बुश मापांप्रमाणे तारेत ओवून भिंतीवर टांगलेले आहेत.